उमा, पत्ता अपुरा

"उमा! अरे, उमा फेंको!" दुकानदार ओरडला आणि माझ्या बायकोनं मागे वळून पाहिलं. घडलं ते एवढंच. उल्हासनगरचा जपानी बाजार, एकोणनव्वद सालची दिवाळी चार दिवसांवर आलेली, आणि आम्ही दोघं राहीच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, ड्रेसचं कापड घ्यायला आलेलो. दुकानदार सिंधी, घामानं गळ्यापर्यंत भिजलेला. वर माळ्यावर बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या भावाकडे तो परकरांचा गठ्ठा मागत होता. उमा हे परकराचं नाव. गठ्ठा धप्पकन गादीवर पडला तेव्हा त्याच्यावर निळ्या शाईत छापलेलं ते मी वाचलंसुद्धा. पण गठ्ठा माळ्यावरून सुटून गादीवर पडेपर्यंतच्या तेवढ्या वेळात हिची मान वळली होती आणि मी तिचा चेहरा पाहिला होता. तो मी आधी कधीच पाहिला नव्हता. भुवया वर गेलेल्या, ओठ 'ओ' द्यायला उघडलेले, आणि डोळ्यांत असा काही आनंद, की कुणीतरी फार लांबून, फक्त तिच्यासाठी म्हणून आलंय. मग गठ्ठा पडला. चेहरा मिटला, पदर सारखा झाला आणि ती दुकानदाराला म्हणाली, "छत्तीसमध्ये आहे का हो? दाखवा." त्यानं दाखवला. तिनं उलटसुलट करून पाहिला, शिवण ओढून पाहिली आणि घेतला नाही.

हिचं नाव उमा होतं, हे मला बाजाराच्या तोंडाशी येईपर्यंत आठवलं नाही. होतं म्हणजे, सत्तर सालच्या मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी साडेदहापर्यंत होतं. साडेदहाला कल्याणच्या एका कार्यालयात ताटात तांदूळ पसरले गेले, माझ्या हातात अंगठी दिली गेली आणि भटजींच्या सांगण्यावरून मी त्या तांदळांत 'वैजयंती' असं लिहिलं. हे नाव आईनं काढलेलं. उमा ठेवून चालण्यासारखं नव्हतं, कारण नागोठण्याला आमच्याकडे उमा नावाची म्हैस होती. "दूध चांगलं द्यायची हो," आई हिच्या मावशीला समजावत होती, "पण मारकी होती. आमच्या मधूच्या बायकोला त्याच नावानं हाक मारली तर गावचे लोक हसतील." म्हैस मरून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. पण कुणालाच त्यात गैर वाटलं नाही, मलाही नाही. माझं अक्षर चांगलं आहे. तांदळांतसुद्धा ते चांगलं आलं, बायकांनी कौतुक केलं, आणि शेजारी बसलेल्या मुलीनं मुंडावळ्या बाजूला सारून ताटात काय लिहिलंय ते वाचलं. वाचताना तिचा चेहरा कसा झाला ते मला माहीत नाही. मी माझ्या अक्षराकडे बघत होतो.

आणि यातला खरा मूर्खपणा पुढेच आहे. वैजयंती म्हणून हिला आजवर कुणी हाक मारलेली नाही. आई असेपर्यंत 'सूनबाई' म्हणायची. शेजारपाजारी 'टिपणीसवहिनी'. राही 'आई'. बदलापूरगावातली द्रौपदीमावशी, जिनं आईवेगळ्या हिला लहानाची मोठी केली, ती हिला मी बघतोय तेव्हापासून 'चिमी' म्हणते. मी 'अगं' म्हणतो, किंवा 'ऐकलंस का', किंवा नुसताच खाकरतो. ते नाव रेशनकार्डावर आहे आणि तिथंच ते नऊवारी नेसवून बसवल्यासारखं बसलेलं आहे. म्हणजे मी एका मुलीचं चांगलं वापरातलं नाव काढून घेतलं, दुसरं दिलं, आणि दिलेलं एकदाही वापरलं नाही. हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर एक वेळ ठीक होतं. मी पोस्टमन आहे. उल्हासनगर कॅम्प पाचची बीट माझ्याकडे तेरा वर्षं आहे. निर्वासितांसाठी दिलेल्या लष्करी बरॅकींमधून रोज तीन-चारशे नावं मी वाचतो, बरॅकचा नंबर पुसला असेल तरी नावावरून घर काढतो. लालवानींच्या थोरल्या सुनेचं माहेर कुठलं, कुणाचा मुलगा दुबईहून कुणाच्या नावानं पत्र टाकतो, हे मला झोपेतून उठवून विचारा. आणि घरातल्या बाईचं नाव मला एका परकरानं आठवून दिलं.

त्या संध्याकाळी अंबरनाथला, वडवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत, ती वालाचं बिरडं सोलत बसली होती आणि मी पेपरच्या वरून तिची मान बघत होतो. मानेवर डाव्या बाजूला एक तीळ आहे. तीळ मला माहीत होता. मला ती मान पुन्हा एकदा तशीच वळलेली बघायची होती, आणि ती माझ्या हाकेनं वळायला हवी होती, परकरवाल्याच्या नव्हे. बस, इतकंच मला हवं होतं. बेचाळिसाव्या वर्षी माणसाला काहीतरी मोठं हवं असावं, प्रमोशन, बदलापूरला ब्लॉक. मला एक हाक मारायची होती. आणि खोटं कशाला बोलू, आत कुठंतरी एक काटाही होता: त्या क्षणी तिला वाटलं तरी कोण बोलावतंय? इतका आनंद होण्याजोगं कोण होतं तिचं, माझ्याआधी? मी पेपर खाली ठेवला, तोंड उघडलं, "उ" म्हणालो. तिनं वर पाहिलं. "उद्या दूध जास्त घे," मी म्हणालो. "पाहुणे आहेत का?" "नाही." "मग?" "असंच." तिनं खांदे उडवले आणि दुसऱ्या दिवशी खरंच अर्धा लिटर जास्त घेतलं. त्याची खीर झाली. खीर मी गुपचूप खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून बीटवर एक विचित्र प्रकार सुरू झाला. जिकडे बघावं तिकडे उमा. तेरा वर्षं त्याच गल्ल्यांतून सायकल हाणत होतो, पाट्या त्याच होत्या, पण आता त्या माझ्याकडे बघायला लागल्या. नाल्याच्या पलीकडे उमा वायंडिंग वर्क्स. चौकात उमा अपार्टमेंट, ज्याचा पहिलाच मजला तीन वर्षं चढतोय. इंदूरहून भावाची पत्रं येणारी एक उमादेवी, जी प्रत्येक पत्र आधी कपाळाला लावते. बरॅकीच्या मागच्या खोलीत पापड लाटणारी एक विधवा बाई, तिच्या पापडांच्या पिशवीवर उमा. मी तिला विचारलं, उमा म्हणजे तुमची मुलगी का? "सास थी मेरी," ती लाटणं न थांबवता म्हणाली, "जिंदगीभर मुझसे लड़ी, साईं. अब बैठके मेरे पापड़ बेचती है." आणि इतकी हसली की पिठाचा धुरळा उडाला. मीही हसलो. हसत हसत पुढच्या तीन घरांची पत्रं चुकीच्या दारात टाकली आणि परत जाऊन उचलली. ऑफिसात सॉर्टिंगला माझ्या शेजारी श्रीपाद बसतो, त्याला जगातली सगळी गावं पिनकोडासकट पाठ आहेत. तो म्हणाला, विदर्भात उमा नावाची नदी आहे, एक नव्हे, दोन. मला त्या नद्यांचं फार बरं वाटलं. उन्हाळ्यात आटल्या तरी नाव तेच राहत असणार.

सगळ्यांत लागलं ते एका टेम्पोवाल्याचं. त्याच्या टेम्पोच्या कपाळावर पिवळ्या रंगात मोठ्ठं उमा लिहिलेलं, दोन्ही बाजूंना कमळं. मी सायकल आडवी घालून विचारलं, कोण ही उमा? त्यानं बिडी विझवली. "पता नहीं, बॉस. सेकंडहँड गाडी ली, नाम पहले से था. पेंटर बोला मिटा दूँ? मैंने बोला, रहने दे यार. किसीने दिल से लिखा होगा." मी सायकल बाजूला घेऊन त्याला वाट दिली. रात्रंदिवस फर्निचर वाहणाऱ्या त्या माणसाला जे सुचलं ते मला, एस.एस.सी. फर्स्टक्लासला, हातात अंगठी असताना सुचलं नव्हतं. गंमत म्हणजे याचं मला वाईट जेवढं वाटत होतं, त्याहून जास्त मजा वाटत होती. कित्येक वर्षांत मी पाट्या अशा वाचल्या नव्हत्या. बीट संपली तरी घरी जावंसं वाटायचं नाही, आणि घरी गेलो की घरातून हलावंसं वाटायचं नाही. राही म्हणाली, "बाबा, तुम्ही हल्ली आईकडे बघत काय बसता? काही चुकलंय का तिचं?" ती अकरावीत होती आणि आमच्यावर बारीक नजर ठेवून असायची.

तोंडानं जमेना तेव्हा मी माझ्या धंद्याचा आधार घेतला. एक आंतर्देशीय पत्र घेतलं, दुपारी ऑफिसच्या मागच्या बाकावर बसलो आणि लिहिलं: 'उमास, सप्रेम नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, काही नाही. हाक मारली. तुझा, मधुकर.' यापुढे काही सुचेना. उरलेला कागद कोरा राहिला, तो तसाच घडी घालून चिकटवला. वर पत्ता लिहिला, सौ. उमा टिपणीस, वडवली, अंबरनाथ, आणि कॅम्प पाचच्या पेटीत टाकलं. पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम घातलं नाही, कारण मला तिच्या चेहऱ्यावर कोण, कोण असं उमटलेलं हवं होतं. अंबरनाथला आमच्या भागात दौलतराव टपाल वाटतो. नियमानं चालणारा माणूस. माझा हिशोब असा की अकरा वाजता तो दार वाजवेल, ती दार उघडेल आणि वरचं नाव वाचेल. पण हिच्या दिवसाची मांडणी मला कुठं माहीत होती? अकराला ती घरात नसतेच. अकरा ते बारा ती खालच्या बालवाडीत पोरांना खाऊ वाटायला जाते, सहा वर्षं जातेय, आणि हे मला दौलतरावाकडून कळलं. "अरे टिपणीस," त्यानं मला रविवारी भाजीबाजारात गाठलं, "तुझ्या पत्त्यावर एक पत्र आलेलं, उमा टिपणीस नावाचं. वहिनी बालवाडीत होत्या. तुझ्या पोरीनं सांगितलं, इथे उमा कुणी राहत नाही. मी शेरा मारून परत लावलं. तुझ्या नात्यातली का रे कुणी?"

मी म्हणालो, "नाही."

इतक्या सहज म्हणालो. हातात मेथीची जुडी होती. काही झालं नाही, मेथीवाली सुट्टे मागत राहिली, दौलतराव बरं म्हणून गेला. पण मला ते 'नाही' कानात घरापर्यंत ऐकू येत राहिलं. ज्या पत्राला ना घेणारा ना पाठवणारा ते कुठं जातं ते मला माहीत आहे. मुंबईला एक ऑफिस आहे, तिथं एक कारकून ते कापून उघडतो, आत काही पत्ता सापडतो का बघतो. त्याला सापडणार काय, तर 'काही नाही, हाक मारली'. मला त्या न पाहिलेल्या कारकुनाची लाज वाटली. त्याहून जास्त राहीची वाटली. सतरा वर्षांची मुलगी, आईच्या पदराला धरून वाढलेली, दारात उभं राहून सांगते की इथं उमा कुणी नाही, आणि ती खोटं बोलत नव्हती. त्या घरात मी तशीच व्यवस्था केली होती.

पुढच्या रविवारी मी सायकल काढली आणि चिखलोलीच्या बाजूनं बदलापूर गाठलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेली शेतं होती, थंडी होती, आणि मला उगाच शीळ वाजवावीशी वाटत होती, ती मी वाजवली. द्रौपदीमावशी नदीकडच्या आळीत राहते. वय अडुसष्ट, दात सगळे, कान खणखणीत. अंगणात वाल वाळत घालत होती. मला एकट्याला बघून ती उठलीच. "चिमी बरी आहे ना?" बरी आहे, म्हटलं. चहा झाला, पाणी झालं, शिरगावला कुणी कुणी जमिनी विकल्या ते झालं, मग मी विचारलं की हिला उमा म्हणून कोण हाक मारायचं. मावशीनं सूप खाली ठेवलं. "जावईबापू," ती म्हणाली, "एकोणीस वर्षांनी बायकोचं नाव विचारायला आलात?" मी मान खाली घातली. ती सांगायला लागली, माझ्याकडे न बघता, वालांकडे बघत. "नाव तिच्या आईनं ठेवलेलं. ती धुणं धुवायला उल्हास नदीवर जायची. पोर इथं आळीत खेळायची. धुणं झालं की माझी बहीण घाटावरनंच हाक द्यायची, उमाऽऽ, की ही जिथं असेल तिथनं सुटायची. आवाज मोठा तिचा. पलीकडच्या काठाला ऐकू जायचा. सात वर्षांची होती चिमी, आई गेली तेव्हा. मग मी तिला उमा म्हणून बघितलं, हो. दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा पोर घाटाकडे पळाली." मावशीनं हातानं वाल पसरले. "म्हणून मी चिमी केलं. शाळेत तेवढं उमा राहिलं. मग तुमच्याकडे आली, ते शाळेतलंही गेलं."

म्हणजे जपानी बाजारात, परकरांच्या ढिगाऱ्यात, ती आईच्या हाकेला वळली होती. आणि मी पंधरा दिवस कुणा वर्गातल्या पोराचा मत्सर करत होतो. मला रडू आलं, आणि मी ते आलेलं लपवलं नाही, मावशीनंही बघून न बघितल्यासारखं केलं नाही. सरळ पदराचं टोक पुढं केलं. "मग आता काय करू?" मी विचारलं. "म्हणजे मी हाक मारली तर तिला आईच आठवणार. बरं नाही ना ते." "आठवली तर आठवू दे की!" मावशी एकदम खेकसली. "मेली म्हणून काय तिनं आठवायचं पण नाही? मी तेव्हा तिशीतली होते, मला भीती वाटली, म्हणून नाव बदललं. तुमच्या आईला म्हशीची वाटली. आता तुम्हाला कसली वाटते? मारा की हाक. दातखीळ बसली का?" आणि निघताना मला वालाची पिशवी देत म्हणाली, "मी पण मारीन म्हणते एकदा. पण आधी तुम्ही."

तरी मला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत मी नाव घेतलं, पण कुठं कुठं. बरॅकीमागच्या गल्लीत कुणी नसताना. सायकलची हवा भरताना, प्रत्येक दाबाला एकदा. न्हाणीघरात तांब्याखाली. नाव तोंडात बसायला लागलं होतं, गुळाचा खडा बसतो तसं, आणि ती समोर आली की मी तो गिळून टाकत होतो. तिला काहीतरी कळलं होतं. बायकांना कळतं असं म्हणून सोडून देता येईल, पण ही बालवाडीतली चाळीस पोरं सांभाळणारी बाई होती, तोंडात काहीतरी लपवलेलं पोर तिला लांबून ओळखू येत असणार. एकदा ताट वाढता वाढता म्हणाली, "बोला हो एकदाचं, काय आहे ते. मी काही मारत नाही." मला म्हैस आठवली आणि ठसका लागला. तिनं पाणी दिलं, पाठीवर थोपटलं. तो हात मला फार आवडला. असे आमचे ते तीन महिने गेले, आणि मला वाटतं लग्नानंतरचे ते आमचे सगळ्यांत चांगले महिने होते.

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या देवळाची जत्रा असते. आम्ही दोघंच दुपारी गेलो. राही अभ्यासाचं निमित्त काढून घरी राहिली. दर्शनाला बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. दर्शन झालं की पुलाशी, रसाच्या गुऱ्हाळापाशी भेटायचं असं ठरलं. मी बाहेर आलो तर पुलाशी रसाची सतरा गुऱ्हाळं, सगळ्यांच्या घुंगरांचा एकच आवाज. मी प्रत्येकापाशी जाऊन आलो, दोनदा. तास गेला. कवठांच्या, खजुरांच्या, उकडलेल्या रताळ्यांच्या ढिगाऱ्यांमधून मी तिची जांभळी साडी शोधत होतो, आणि त्या दिवशी निम्म्या अंबरनाथनं जांभळी साडी नेसली होती. काळजी करण्यासारखं काही नव्हतं. ती दहा मिनिटांत घरी चालत गेली असती. पण मला तिथं, त्या गर्दीत, पोटातून वाटायला लागलं की ती हरवली आहे, आत्ता नव्हे, फार पूर्वी, आणि मी आत्ता कुठं शोधायला लागलोय. समोर स्वयंसेवकांचा मंडप होता. कर्ण्यावरून हरवलेल्या पोरांची नावं पुकारली जात होती. मी आत शिरलो.

"माणूस हरवलंय," मी म्हणालो. "कोण?" बिल्ला लावलेल्या तरुणानं विचारलं. त्याचा घसा पार बसला होता. "मिसेस." "नाव?" तोंडात रेशनकार्ड आलं होतं, मी ते गिळलं. त्यानं वैतागून माईकच माझ्यापुढे धरला. "तुम्हीच बोला काका. माझ्या नरड्यातून आवाज निघत नाहीये." माईक जड होता आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं गरम झालेला. मी देवळाकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि घाटावरून मारावी तशी हाक मारली. "उमाऽऽ!" कर्णे सगळ्या बाजूंना होते. हाक पुलाकडून आली, झाडांतून आली, देवळाच्या काळ्या दगडावर आपटून परत माझ्यापाशी आली. मला इतकं हलकं वाटलं की मी पुन्हा मारली. आणि पुन्हा. एकोणीस वर्षांची थकबाकी नव्हे, नुसती मजा म्हणून चौथ्यांदाही मारली असती, पण त्या तरुणानं खूण केली, पुरे.

आणि मग ध्यानात आलं की मी आडनाव सांगितलं नाही, पत्ता सांगितला नाही, कुणी बोलावलंय ते सांगितलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रांवर 'पत्ता अपुरा' असा शेरा मारलेला माणूस मी. पहिली आली ती वांगणीकडची एक म्हातारी, डोक्यावर गाठोडं. "मना कोन बोलावतंय रं?" तिच्या मागून फॅक्टरीच्या क्वार्टरमधली एक मद्रासी तरुणी, केसांत आबोलीचा गजरा, नवऱ्याचा हात धरून. "मैं उमा. क्या हुआ जी?" एक सिंधी बाई धापा टाकत आली, "उमा मैं हूँ, मेरा पर्स मिला क्या?" आश्रमशाळेची एक मुलगी पिवळी रिबीन बांधून आली आणि हळूच म्हणाली, "शाळेत उमा. घरी ठमी म्हणतात. पण उमा मीच." आणि सगळ्यांत शेवटी पाणीपुरीचा ठेला सोडून एक भैया, पुदिन्याचे हात पुसत, "हमको बुलाया, साहब? उमाशंकर. सब उमा ही बोलते हैं." त्यांच्यातलं कुणीही हरवलेलं नव्हतं. हाक आली म्हणून ते आले होते. म्हातारी सगळ्यांकडे बघून खुदुखुदु हसायला लागली, "तुजं पन उमा? नि तुजं पन?" तिनं गाठोड्यातून खजूर काढून सगळ्यांच्या हातावर एकेक ठेवला, माझ्याही. सिंधी बाई पर्स विसरली आणि मद्रासिणीच्या गजऱ्याचा भाव विचारू लागली. मी मधोमध माईक धरून उभा, लाजेनं मेलेला आणि आनंदानं फुटायला आलेला.

"काका," तो तरुण घोगऱ्या आवाजात म्हणाला, "यातली तुमची कुठली?"

मी ओळीनं सगळ्यांकडे पाहिलं. "यातली एकही नाही," मी म्हणालो, आणि माझा आवाज सगळ्या जत्रेभर ऐकू गेला, कारण माईक चालू होता.

"मग मी परत जाऊ का, मधू?"

आवाज पाठीमागून आला, अगदी जवळून. आई गेल्यापासून मला या नावानं कुणी हाक मारली नव्हती, आणि हिनं तर लग्नापासून कधीच नाही. मी इतक्या झटकन वळलो की माझी मान लचकली. ती मंडपाच्या बांबूला टेकून उभी होती, जांभळी साडी, हातात अर्धं कवठ, डोळे रडून लाल आणि तोंड हसून एवढं मोठं. किती वेळ उभी होती कोण जाणे. हाक ऐकून तिची मान कशी वळली ते मला दिसलं नाही, कधी दिसणारही नाही, आणि त्याचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही. मी नुसता बघत राहिलो. "माईक, काका, माईक बंद करा," तो तरुण ओरडत होता. पण उशीर झाला होता. पुलाकडून टोपी घातलेले दोन म्हातारे आणि देवळाच्या बाजूनं एक पोलीस, 'मधू' म्हणून आपल्याला कुणी बोलावलं ते बघायला, मंडपाकडे यायला निघाले होते.